खिडकीतून येणारी वायर

नेरळच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे हे गृहस्थ समोरच्याच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवल्याशिवाय बोलत नाहीत. पेट्रोलची गाडी विकून इलेक्ट्रिक घ्यायचं मी ठरवलं, तेव्हा दोन गाड्यांची तुलना त्यांनीच आपणहून करून दिली. "छोटी माथेरानच्या घाटात दमंल. मोठीच घ्या तुमी."

मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय मागितली. पहिले उठले ते हेच. "आग लागली तर कोन जबाबदार?" सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझा बेत बारगळला.

आता तीच मोठी गाडी त्यांच्या दारात उभी असते. चार्जिंगची वायर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून येते. माझ्या जुन्या गाडीकडे जाताना मला ती रोज ओलांडावी लागते. खिडकीतून ते काळजीनं सांगतात, "जपून हां, पाय अडकंल."