वाढवलेली ठेव

आमच्या घरात ‘मोडणे’ आणि ‘फोडणे’ ही क्रियापदे वापरत नाहीत. बांगडी वाढते, नारळ वाढवतात. झाशीत आमच्या घराण्याची मराठी जेवढी उरली आहे, त्यात हे अजून टिकून आहे. वडिलांनी छपराच्या दुरुस्तीसाठी बँकेतली मुदत ठेव मोडली, तेव्हाही आईने ‘ठेव वाढवली’ असेच म्हटले होते. मी त्या वेळी शाळेत होतो.

मी एका हिंदी दैनिकात बातम्या तपासण्याचे काम करतो. कामावर संध्याकाळी चारला जायचे असते. बायको शाळेत शिकवते आणि अडीचला परतते. अकरा ते दोन मी आणि आई, दोघेच घरी. त्या तीन तासांत मी फोनवर पैसे लावून पोकर खेळत असे.

खेळ शिकवला कचेरीतल्या गुन्हेगारीच्या बातमीदाराने. “पंडितजी, इसे ताश मत समझिए, गणित है,” तो म्हणाला. ‘बँकरोल’ हा शब्दही त्याचाच. खेळासाठी संसारातून वेगळी काढलेली रक्कम, जी पूर्ण गेली तरी घरात कोणाला कळू नये. नियम मी रद्दी कागदाच्या पाठीवर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. एका टेबलावर बँकरोलच्या विसाव्या भागापेक्षा जास्त न्यायचे नाही. दोनदा हरलो की त्या दिवशी खेळ बंद. हरलेले परत मिळवायला मोठ्या टेबलावर जायचे नाही.

चार महिने मी ते पाळले. नियम बरोबर होते, आजही ते बरोबर आहेत असेच मला वाटते. फक्त बँकरोल संपल्यावर तो पुन्हा कुठून भरायचा, याबद्दल त्या कागदावर काही नव्हते. पहिल्यांदा तो दिवाळीच्या बोनसातून भरला. नंतर भविष्यनिर्वाह निधीतून. प्रत्येक वेळी मी नव्या रकमेचा विसावा भाग काटेकोरपणे काढला.

मग ठेव. ती बायकोची होती. तिच्या वडिलांनी बरुआसागरचे आल्याचे शेत विकले, तेव्हा तिच्या वाट्याला चार लाख आले. त्यातून स्वतःचे घर घ्यायचे असे तिने ठरवले होते. लग्नापासून आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत आहोत. बँकेची कामे मी करतो म्हणून ठेव माझ्या नावावर केली होती. ती मोडायला फोनवर चार मिनिटे लागली.

बायको शाळेतून आल्यावर जेवताना बँकेचा संदेश आला. फोन तिच्या ताटाजवळ होता.

“एफडीचं काय आहे?”

“वाढवली,” मी म्हणालो.

ती हिंदी घरातली. अठरा वर्षांत आईकडून मराठी शिकली. नारळ आणि बांगडीचे तिला ठाऊक होते. ठेवीचे नव्हते. तिने तो शब्द हिंदीतल्या ‘बढ़ाई’सारखा घेतला.

“बरं केलंत. व्याज चांगलं मिळतंय का आता?”

“ठीक आहे.”

पहिल्या उत्तराचा बचाव करता येतो. दुसऱ्याचा येत नाही.

तिने आईला हाक मारली. “आई, यांनी एफडी वाढवली.”

आई डाळ निवडत होती. हात थांबला. “वाढवली? कशासाठी?”

“कशासाठी म्हणजे काय, घरासाठी.”

आईने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा डाळ निवडायला घेतली. दुसऱ्या दिवशी बायको शाळेत गेल्यावर ती म्हणाली, “तिला मराठी आपण शिकवली. ती तरी नीट शिकवायची होती. तू सांग तिला. मी नाही सांगायची.”

आधी परत मिळवू, मग सांगू, असे मी ठरवले. कपाटाच्या दारावरचा तिसरा नियम याच विचाराविरुद्ध लिहिलेला होता. अकरा दिवसांत रक्कम संपली. पुढे पैशांचे ऑनलाइन खेळ कायद्यानेच बंद झाले. अ‍ॅपने खात्यात उरलेले तीनशे बारा रुपये प्रामाणिकपणे परत पाठवले.

एका रविवारी आम्ही फ्लॅट पाहायला गेलो. तिने स्वयंपाकघराची खिडकी दोनदा उघडून पाहिली. विक्रेत्याने आगाऊ रक्कम विचारली. “कल बता देंगे,” ती म्हणाली. परतताना रिक्षात मला म्हणाली, “उद्या एफडीची पावती काढून ठेवा.”

“वाढवली म्हणजे मोडली,” मी म्हणालो.

तिने विचारले, “नारळासारखी?”

“हो.”

“सगळी?”

“सगळी. पत्त्यांत.”

“भैया, जरा रोकिए,” ती रिक्षावाल्याला म्हणाली. मानिक चौकात उतरली. मला वाटले, आता येणार नाही. पण तिने सकाळपासून आणायचा असलेला शिलाईचा दोरा घेतला, रंग जुळवून पाहिला आणि परत येऊन बसली.

“आपने झूठ नहीं बोला,” ती म्हणाली. “अखबारवाले हैं. शब्द तौलकर रखते हैं.”

आता माझा पगार तिच्या खात्यात जातो. तसे मीच सुचवले. फोनवरून पैसे पाठवण्याची सोय काढली आहे. रोज शंभर रुपये फडताळावर ठेवलेले असतात. महिन्यातून दोनदा एका डॉक्टरांकडे जातो. हरलेले पैसे गेले असे समजा, ते परत आणायचे आहेत असे वाटणे हाच आजार आहे, असे ते म्हणतात. ते मला पटते. तरी सकाळी अकरा वाजता हात फोनकडे जातो.

बायको माझ्याशी मराठी बोलत नाही. भांडत नाही, टोमणे मारत नाही. आईशी अजून मराठीत बोलते. स्वयंपाकघरातून दोघींचे बोलणे ऐकू येते. मी आत गेलो की ती म्हणते, “खाना लगा दूँ?”

परवा घरात पूजा होती. तिने नारळ धुऊन माझ्या हातात दिला.

“नारियल फोड़ दीजिए.”

हा शब्द आमच्या देवघरात कोणी बोललेले मला आठवत नाही. आई तिथेच बसली होती. तिने सुनेचा शब्द सुधारला नाही.