विमानाला अस्तर

विमान अपघातात सापडलेला आमच्या घराण्यातला मी पहिलाच माणूस. अपघात जुन्या जालन्यात, आमच्या माडीवर, मी पाटावर बसलेलो असताना झाला.

निजामी जाऊन थोडीच वर्षं झालती. वहिनीचा भाऊ बोटीवर नोकरीला. त्यानं परदेशातून तिच्यासाठी एक खोकं आणलं. आत पल्याष्टिकच्या विमानाचे सुटे भाग! पंख, शेपूट, चाकं, सगळं उंदराच्या रंगाचं. मी बसल्या बैठकीत जोडून टाकलं. (एक चाक उरलं. उडायच्या वस्तूला इतकी चाकं लागतातच कशाला?)

वहिनी खूश. म्हणाली, "भाऊजी, यंदा महालक्ष्म्यांच्या आराशीत हेच मधोमध! पण झकास रंगवा. टेंभुर्णीच्या काकू त्या दिवशी हळदीकुंकवाला येऊन राह्यल्या, अन् त्यांची पोरगी लग्नाची हाय. कळलं का?"

न कळायला काय झालं? त्या पोरीला मी एका लग्नात वाढताना पाहिलं होतं, आणि पंगत उठेपर्यंत नुसतं मीठच मागत बसलो होतो!

सणाच्या सकाळी रंगासाठी मी लॉऱ्या रंगवणाऱ्या उस्मानभाईंकडे गेलो. ते म्हणाले, "पहले अस्तर, रंग के नीचे का हात! बगैर अस्तर का रंग म्हणजे बगैर बनियन की शेरवानी! पतलं करायला थिनर बराबर ओता, बिलकुल जल्दी वाळतं."

"पण उस्मानभाई, हे पल्याष्टिक हाय. चालंल ना?"

"अरे, अख्खी लॉरी रंगवली मी याच्यानं! तुमच्या चिमणीचं काय घेऊन बसले?"

मला पटलं. (मला पटायला तेव्हाही फार वेळ लागत नसे.)

घरी आलो तर आई आडवी आली. "समुद्रापलीकडनं आलंय ते! लक्ष्म्यांपुढं बिनआंघोळीचं ठेवतोस?" आणि मी हो-नाही म्हणायच्या आत तिनं बंबातलं कढत पाणी विमानावर ओतलं. शेपूट रुसल्यासारखं एका बाजूला वळलं! मी म्हणालो, असू दे, अस्तर जाड देऊ, वाकडेपणा झाकून जाईल.

तेव्हा माडीवर पाटावर बसून उस्मानभाईंच्या लाल अस्तरात, जाड थर लवकर वाळावा म्हणून, दुप्पट थिनर ओतला आणि कुंचला फिरवला. आधी विमानाला घाम फुटला. मग नाक गळालं. मग दोन्ही पंख तव्यावरून उतरलेल्या पोळीसारखे खाली लोंबले! ते सावरायला मी उजव्या हातानं विमान घट्ट धरलं, तर पाची बोटं लोण्यात गेल्यासारखी आत! घाबरून फुंकर घालत सुटलो. तेवढ्यात मात्र उस्मानभाईंचा शब्द खरा ठरला. ते बिलकुल जल्दी वाळलं. माझ्या हातासकट!

आणि खालून वहिनीची हाक, "भाऊजी, काकू आल्या! या, पाया पडा!"

मी उजवा हात पाठीमागे दडवून उतरलो. खाली दहा-वीस बायका. वाकलो तो एका अंगानं, पाय धुवायला निघालेल्या बगळ्यासारखा. काकूंनी आशीर्वाद देऊन पेढा पुढे केला. मी डावा हात पुढे केला! सणाच्या दिवशी!

"बबन्या! उजवा हात!" आई गरजली.

"उजवा... उजवा कामात हाय, आई."

काकू वहिनीच्या कानात कुजबुजल्या. (कुजबुज अशी की वेशीपर्यंत ऐकू जावी.) "अगं, पोराला उजवा हातच न्हाई! तू बोलली न्हाईस ते? आमच्या पोरीनं काय जन्मभर घास भरवत बसावं?"

"हाय हो, काकू! सकाळी तर होता!" वहिनी रडकुंडीला आली.

"मंग दाखवत का न्हाई?" काकू पदर सावरत उठल्या. "चला, आमची बैलगाडी थांबून राह्यली."

बैलगाडीबरोबर माझा संसारही निघाला! लाज गेली तर गेली म्हणत मी उजवा हात पुढे काढला. लाल, चकचकीत, नाक गळालेलं, पंख लोंबलेलं ते प्रकरण पाहून एक बाई किंचाळली, "अगं बाई, घोरपड!" अर्ध्या बायका दारात, अर्ध्या कोठीत!

काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. "हे काय?"

"विमान."

"आत हात हाय का?"

"हाय असं वाटतं."

काकूंनी समईजवळची करडीच्या तेलाची अख्खी वाटी माझ्या मनगटावर रिकामी केली, उंबऱ्याला पाय लावला आणि ओढलं. फट्ट! विमान काकूंच्या हातात, माझी थोडी कातडी विमानात, आणि मी सरळ आराशीतल्या लाडवांच्या ताटात!

काकूंनी माझं एकेक बोट धरून वाकवून पाहिलं. अंगठा दोनदा.

"पाचही हायत. बराबर वाकतात."

"मंग, काकू, पसंत?" वहिनीनं विचारलं.

काकूंनी मला टाळूपासून टाचेपर्यंत न्याहाळलं. केसांत लाडू, तोंडावर लाल अस्तर. "हात हाय, बास. डोस्क्याची आम्ही आशा धरली नव्हती."

लोकांची लग्नं छत्तीस गुण पाहून ठरतात. माझे पाचच जुळले, तेही बोटांचे!