आधी रेघ

देवधरबाईंच्या मोडीच्या वर्गात पहिली दहा मिनिटं कोणी अक्षर काढायचं नाही, असा नियम होता. मोडी लिहिताना आधी कागदभर आडवी रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात. त्यामुळे कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, टेबलटेनिसच्या टेबलाभोवती, आम्ही सात-आठ माणसं मुकाट्याने रेघा ओढत बसायचो. पट्टीला बंदी. कोणाची रेघ फारच घसरली तर बाई म्हणायच्या, "सिंहगड उतरताय का?"

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, पंच्याहत्तरीच्या. उत्साहाबद्दलच्या गप्पा त्यांना खपत नसत. आयटीत नोकरी करणारी अमरावतीची एक मुलगी एकदा म्हणाली, "मॅडम, या आठवड्यात मोटिव्हेशनच नव्हतं."

"म्हणजे प्रेरणा ना?" बाई म्हणाल्या. "प्रेरणा माझ्या भाचीचं नाव आहे. दिवाळीला येते, तीही दोनदा फोन केल्यावर. मधल्या दिवसांत माझ्या घरी स्वयंपाक होतो."

मी या वर्गात गेलो ते माझ्या बायकोमुळे. सुमनच्या माहेरून लाल फडक्यात बांधलेलं मोडी कागदांचं एक बाड आलं होतं. आपले पूर्वज पेशव्यांच्या दरबारात कोणीतरी होते, अशी तिची खात्री. तुम्ही जन्मभर ग्रंथपाल होतात, एवढं मला वाचून दाखवा, असं ती म्हणाली आणि मी कबूल केलं. बाड अर्धं वाचून झालं आणि सुमन गेली.

पुढे चार महिने मी फडक्याची गाठ सोडली नाही. वाचलं तरी दाखवायचं कोणाला? भेटायला येणारे सगळे मन रमवा म्हणत. मग एके सकाळी बाईंचा फोन आला. वर्गाला या, असं त्या म्हणाल्या नाहीत. "रोज पाच रेघा ओढा. अक्षर लिहायचं नाही. लिहिलंत तर मी रागावेन."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. किती झाल्या? पाच, मी म्हणालो. सरळ आल्या का? नाही.

"बरं झालं. सरळ आल्या असत्या तर मला काळजी वाटली असती."

नवव्या दिवशी रेघांखालची ती मोकळी जागा मला बघवेना. बाडातली एक ओळ मी चोरून उतरवली. फोनवर कबुली दिली तेव्हा बाई ठरल्याप्रमाणे रागावल्या आणि कागद घेऊन वर्गाला या म्हणाल्या.

मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. सलग धावणाऱ्या अक्षरांत मी "कागद घरात साप" इथवर येऊन अडलो होतो. पुढच्या "डले"चा काही केल्या अर्थ लागेना. बाईंनी चष्मा वर करून कागद जवळ धरला.

"अहो, सापडले. कागद घरात सापडले. साप चावेल म्हणून थांबलात का?"

सगळे हसले, मी ओशाळलो. पण पुढच्या तीन ओळी त्याच दुपारी लागल्या.

नंतर एकदा त्यांच्या घरी गेलो असताना त्यांनी कच्च्या लिखाणासाठी मला एक जुनी वही दिली. चाळली तर पानंच्या पानं नुसत्या रेघा, खाली एक अक्षर नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. "ते साल तसं होतं," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

बाई जाऊन आता तीन महिने झाले. त्याच्या आदल्या आठवड्यात बाडातला शेवटचा कागद मी त्यांना वाचून दाखवला. त्या पलंगावर पडून होत्या, आवाज खोल गेला होता. पेशवे कुठेच निघाले नाहीत. सुमनच्या पणजोबांनी भावाला लिहिलं होतं, 'मुलीचे लग्नास आपण आला नाहीत, त्याचा विषाद नाही. गतवर्षी नेलेली लोणच्याची बरणी मात्र परत पाठवणे.'

हे सुमनला कळायला हवं होतं, मी म्हणालो.

"मग तिला वाचून दाखवा की," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "मला काय सांगताय? माझी बरणी घरीच आहे."

घरी आलो. स्वयंपाकघरात सुमन भाजी निवडायला बसायची त्या खुर्चीसमोर उभा राहिलो आणि पत्र मोठ्याने वाचायला लागलो. बरणीपाशी हसू फुटलं. मध्ये दोनदा थांबावं लागलं, पण शेवटपर्यंत वाचलं.