वीज बंद केली की मिटणारी पापणी

"लकवा आहे, पण फक्त चेहऱ्याचा. मेंदूला काही झालेलं नाही," चिंचवडच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. मी घड्याळ पाहिलं. दुसरी शिफ्ट गाठायची होती. मग त्यांनी डोळे मिटायला सांगितले. उजवा मिटला. डाव्याला त्यांच्या टेबलावरची पेनं तशीच दिसत राहिली.

आजाराचं नाव फेशियल पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूच्या नसेनं काम थांबवणं. सकाळी चूळ भरताना पाणी एका कडेनं गळलं, म्हणून त्याच दिवशी दवाखान्यात गेले होते. तुम्हाला असं झालं, तर तुम्हीही त्याच दिवशी जा.

तोंड वाकडं झालं याचं मला फारसं वाटलं नाही. काळजी डोळ्याची होती. चाकणला गाड्यांची रबरी सीलं बनवणाऱ्या कंपनीत मी तपासणीला आहे. केसाएवढी चीर नजरेनं शोधायची, हेच माझं काम.

पापणी मिटली नाही की कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, सुकतो. थेंब, मलम, झोपताना चिकटपट्टी, सगळं केलं. पट्टी घामानं सुटायची. रात्रपाळी करून दुपारी मोशीच्या घरी आडवी झाले की उजवा डोळा झोपायचा, डावा उघडाच. पंखा, खिडकीचा पडदा, समोरच्या गच्चीवरची टाकी, सगळं स्वप्नात शिरायचं. एकदा मी पाण्यावरून चालत होते आणि पाण्याखाली पंखा फिरत होता.

सासूबाई वाकून बघायच्या. "झोपलीस व्हय गं? का माज्यावर नजर ठिवतीस?"

"झोपलेय, आत्या."

"मंग बोलतीस कशी?"

दुसऱ्या महिन्यात डोळ्याच्या त्या पडद्यावर जखम झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पंधरा दिवसांत भरली नाही, तर पापणीच्या कडेला टाके घालून डोळा अर्धा बंद ठेवू." अर्ध्या डोळ्यानं माझं काम होत नाही. तसं सांगितल्यावर त्यांनी ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चाललेल्या एका प्रयोगात माझं नाव घातलं.

तिथल्या सरांनी चष्म्याच्या खालच्या कडेला एक पातळ, लवचीक पट्टी ताणून बसवली होती. तिचं एक टोक बारीक धाग्यानं माझ्या डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीला चिकटवलं. पट्टी डायइलेक्ट्रिक इलास्टोमरची, म्हणजे आतून वीज वाहू न देणाऱ्या रबरासारख्या पदार्थाची. दोन्ही अंगांना वीज वाहून नेणारा काजळीसारखा थर. वीज दिली की दोन्ही थर एकमेकांकडे ओढले जातात, मधली पट्टी चेपून लांबते, धागा सैल होतो आणि डोळा उघडतो. उजवी पापणी लवली की चष्म्यातल्या सेन्सरला कळतं आणि वीज तुटते. पट्टी आखडते आणि डावी पापणी खाली येते.

पहिला तासभर छान चाललं. मग मिटताना पापणी अर्ध्यावरच थांबायला लागली. सर कॉम्प्युटरमध्ये चूक शोधत बसले. तिसऱ्या दिवशीही तेच.

"सर, पट्टी कधी ताणता?" मी विचारलं.

"तुम्ही यायच्या आधी. अगदी ताजी."

"तिथंच चुकतंय. ताणलेलं रबर पहिल्या दिवशी सैल पडत जातं. आम्ही कंपनीत ताणून दिवसभर ठेवतो, मग मापतो."

"ताई, हे तर मीच वर्गात शिकवतो."

"मग ऐका की स्वतःचं."

सर मोठ्यानं हसले. दुसऱ्या दिवशी पट्टी दिवसभर ताणून ठेवली आणि त्याच्या पुढच्या दिवशी मला लावली. पापणी पूर्ण मिटली, पुन्हा पुन्हा मिटली. "आता थोडा वेळ वीज बंदच ठेवतो," सर म्हणाले.

दोन्ही बाजूंनी अंधार झाला. किती दिवसांनी! मी पाण्यावरून चालत होते आणि खाली नुसतं पाणी होतं. खोल, गार, हिरवट. त्यात पंखा नव्हता, टाकी नव्हती. जाग आली तेव्हा दुपार उतरली होती. सरांनी खोलीतला दिवा घालवला होता आणि ते चपला काढून अनवाणी वावरत होते.

रोज तीन-चार तास तिथे बसले. चौदाव्या दिवशी जखम भरलेली दिसली. टाके टळले. नस मात्र पट्टीनं सुधारली नाही, ती तिच्या गतीनं कामाला लागली आणि पापणी आपणहून मिटायला लागली. तोवर मी रोज सकाळी आरशात ओठ ताणून, आज किती हलला ते बघायचे. ताणलं की लगेच मापायचं नाही, हे सरांना बोलले तेच स्वतःलाही सांगितलं आणि आरशात बघणं सोडलं.

त्या खोलीचे आणि त्या डॉक्टरबाईंचे माझ्यावर उपकार आहेत. डोळा शाबूत आहे, चिरा सापडतात.

दुपारी झोपले की आत्या अजून वाकून बघतात. मला त्या दिसत नाहीत. बांगड्या वाजतात, तेवढ्यावरून कळतं.