दुहेरी बाण

सिमरोलच्या बसमध्ये रोज माझ्या शेजारी एक बाई बसायच्या. मांडीवर बारावीचं केमिस्ट्रीचं पुस्तक उघडं असायचं आणि ओठ सारखे हलत असायचे. एकदा ॲसिटिक ॲसिडच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "भिया, हा दोन्ही तरफचा बाण वाचायचा कसा?"

"रिव्हर्सिबल म्हणायचं, म्हणजे क्रिया दोन्हीकडे होते. परीक्षा कोणाची आहे?"

"मुलीची. तिला दिसत नाही ना, घरी मीच वाचून दाखवते. काल मी नुसतंच 'बाण' म्हटलं, तर तिला तो एकाच तरफचा वाटला आणि तिने ॲसिड स्ट्राँग धरलं. पूरा सवाल चुकला."

मी केमिस्ट्रीच शिकवतो. त्या दिवशी फळ्यावर समीकरण लिहिलं आणि सवयीने म्हणालो, "हे असं होतं."

मग थांबलो, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा ते बाणासकट मोठ्याने वाचलं.