क्लिकरच्या अलीकडे

आमच्या सुनेला कुणी विचारलं, तू काय करतेस गं, तर ती म्हणायची, "टोचते." आणि हसायची. खोटं नव्हतं त्यात काही. सकाळी इस्पितळाच्या लॅबमध्ये लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढायचं आणि संध्याकाळी मैदानावर जाऊन लांबच्या कागदावर बाण मारायचे. लॅबमध्ये तिचा हात इतका हलका, की म्हातारी माणसं खुर्चीत बसल्या बसल्या सांगायची, ती धनुष्यवालीच पाठवा, दुसरी नको. मीही एकदा गेले होते साखर तपासायला. मी आपली डोळे गच्च मिटून ओरडायच्या तयारीत, आणि ही म्हणते, "आई, झालं. उठा आता, मागे रांग आहे."

ही तिची सासू बोलतेय, हे एव्हाना कळलंच असेल. मी आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले. तोंड पहिल्यापासून फटकळ, ते आता या वयात काय सुधारणार? मुलगा जहाजावर स्वयंपाकी, घरी असतो त्यापेक्षा पाण्यावर जास्त. म्हणजे घरात आम्ही दोघीच. लोकांना वाटतं, या दोघींचं रोज भांड्याला भांडं लागत असणार. लागायचं की! पण संध्याकाळी ती मैदानावरून आली, की हातपाय धुवायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आज कुठला बाण कुठे गेला ते सांगायची. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. तरी मी गॅस बारीक करून ऐकायचे.

आता क्लिकर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. धनुष्याला एक बारीकशी पोलादी पट्टी असते. बाण तिच्याखालून घालतात. दोरी पुरती ओढली, की बाणाचं टोक पट्टीखालून निसटतं आणि पट्टी वाजते, टक! टक झालं की बोटं सैल करायची. त्याआधी नाही. शाळेत असल्यापासून हिने हेच केलंय. ओढ, टक, सोड. त्यात डोकं मध्ये यायचंच नाही.

आणि एके दिवशी टक होईना.

घरी येऊन दारात उभी राहिली, पण बोलेना. मी म्हटलं, "काय गं, तोंड का एवढंसं?" तर म्हणाली, "आई, शेवटची केसभर ओढच जात नाहीये. टोक पट्टीपाशी येतं आणि थांबतं. हात थरथरायला लागतात, मग उतरवते. परत उचलते, परत तेच." मी म्हटलं, दमली असशील, जेव आणि झोप. मला वाटलं, मशीनच्या सुईत दोरा अडकतो तसं काहीतरी असेल, उद्या सुटेल. कसलं सुटतंय!

मग सल्ले देणाऱ्यांचं पेव फुटलं. शेजारीण म्हणाली, मन शांत ठेवायचं. मैदानावरच्या एका बाईने सांगितलं, दीर्घ श्वास घ्यायचा. अहो, श्वास तर ती घेतच होती, नाहीतर जिवंत कशी राहिली असती? आमच्या चिरंजीवांनी जहाजावरून फोन करून अक्कल पाजळली, "तिला सांग, टेन्शन घेऊ नको." मी म्हटलं, "ती काय बाजारात जाऊन पिशवी भरून आणते का रे टेन्शन? तू तुझे कांदे चीर." आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र मलाच रडू आलं, कारण मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

तिचे सर मात्र सरळ माणूस. त्यांनी मला मैदानावर बोलावून दाखवलं. गवताच्या भाऱ्यासमोर हिला अगदी जवळ उभी केली, कागद काढून टाकला, डोळे मिटायला लावले. टक, टक, टक. एकामागून एक बाण लोण्यात जावेत तसे आत. माझा जीव भांड्यात पडला. मग सरांनी भाऱ्यावर कागद लावला आणि डोळे उघड म्हणाले. संपलं. तीच बाई, तेच धनुष्य, तेवढंच अंतर, आणि बाणाचं टोक पट्टीपाशी अडून बसलं. तिच्या मानेची शीर तट्ट फुगली होती. मी तोंड दुसरीकडे वळवलं.

"हाताचा दोष नाही, काकू," सर म्हणाले. "चुकलं तर काय, ही भीती आता ओढीच्या शेवटाला चिकटून बसलीय. आमच्यात बऱ्याच जणांना होतं. काहींचं जातं, काहींचं जात नाही."

असं तोंडावर सांगणारा माणूस बरा. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढचं मला लॅबमधून कळलं, तिच्याकडून नाही. ते दुखणं मैदानावर थांबलं नव्हतं, तिच्या मागोमाग कामावर गेलं होतं. उपाशीपोटी आलेली माणसं सकाळपासून रांगेत चिडलेली, लेकरं भोकाड पसरलेली, आतून फोन वाजतोय, आणि ही पट्टा बांधून, शीर शोधून, सुई कातडीपाशी नेऊन थांबायची. पुढे जाईना. समोरचा हात पुढे करून बसलेला, आणि ही बघतेच आहे. तिची सोबतीण हळूच येऊन सुई हातातून घ्यायची आणि म्हणायची, "तू लेबलं चिकटव."

मग तिने एक युक्ती काढली, आणि धनुष्यवाल्याशिवाय दुसऱ्या कुणाला असली सुचायची नाही. सुई टेकवायची आणि स्वतःच जीभ टाळूला लावून आवाज करायचा, टक. सुई जायची! लोकांना वाटायचं, ही बाई आपल्याला लहान मुलासारखं चुचकारतेय. एका गृहस्थाने तर विचारलं म्हणे, "मी काय घोडा आहे का?" आम्ही दोघी त्यावर खूप हसलो. किती दिवसांनी घरात हसू आलं होतं.

पण ते टक पसरत गेलं. आधी सुईला. मग दाराला किल्ली लावताना. मग जिना उतरताना. सकाळी बघते तर बिछान्याच्या कडेला बसलीय, एक मोजा पायात, दुसरा हातात, नजर भिंतीला. "अगं, उशीर होतोय." तिला स्वतःचं टकही करता येत नव्हतं. मग मीच जिभेने टक केलं. तशी उठली, मोजा घातला आणि निघाली. मला वाटलं, वा, औषध सापडलं! तेव्हापासून मीच तिचा क्लिकर झाले. न्हाणीघराच्या दाराशी टक, बूट घालताना टक, चहाचा कप उचलायला टक. शेजारीण म्हणाली, तुमच्याकडे पाली फार झाल्यात का हो? मी म्हटलं, हो, आणि ती पाल मीच आहे.

सरांना हे कळलं तेव्हा ते मटकन खालीच बसले.

"काकू, बंद. आजपासून घरात टक बंद. तुम्ही तिच्या हातातली काठी होताय, आणि तिचा पाय जातोय." मग म्हणाले, "आणि संघाच्या निवड चाचणीला आलात तर मैदानावर चुकूनही नको. शेजारी दुसऱ्या मुली ताणून उभ्या असतील. सगळ्या याच आवाजावर वाढल्यात. तुम्ही टक केलंत, तर दुसरीच्याच बोटांतून बाण निसटायचा."

ती चाचणी म्हणजे आमच्या घराचा श्वास झाली होती. संघात जागा मिळाली नाही तर सर तिच्या जागी मैदानावरच्याच एका तिच्याहून लहान मुलीला घेणार होते, आणि त्यांची चूक नव्हती. लॅबच्या मोठ्या बाईंनीही सांगून टाकलं होतं, "चाचणीपर्यंत तुला लेबलांवर ठेवते. त्यानंतरही हात असाच थांबला, तर सुई तुझ्याकडे परत देता येणार नाही. समोर माणूस असतो गं." हिने दोन्ही गोष्टींची एकच गाठ मारली. "आई, तिथे बाण नीट सुटला ना, की इथलंही सुटेल. आणि तिथे नाही सुटला, तर मग मी काय करू? मला दुसरं येतं काय?"

मी म्हटलं, "स्वयंपाक तरी कुठे येतो?" ती हसली नाही. तिच्या ताटातला घास तसाच सुकत होता.

टक बंद केल्यावरचे दिवस कसे काढले, ते माझं मला ठाऊक. ती बिछान्याच्या कडेला बसायची आणि मी दाराच्या चौकटीला धरून उभी. जीभ दाताखाली. कधी ती उठायची, कधी रडायची, कधी माझ्यावर खेकसायची, "बघत काय बसलाय? करा ना एकदा! एकदा केलं तर काय जातंय तुमचं?" मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचे, म्हणजे माझं रडणं तिला ऐकू जाऊ नये. कामावर दोनदा पोचलीच नाही. तरी मैदान तिने चुकवलं नाही. डोळे मिटून, कागदाशिवाय, भाऱ्यावर बाण मारत राहिली.

चाचणीच्या सकाळी ऊन चांगलं होतं, वारा पडलेला. मुली आखलेल्या रेषेवर ओळीने उभ्या. मागे एक दोर बांधलेला, त्यामागे आम्ही घरचे लोक. सर माझ्या शेजारी. फेरी सुरू झाली की घड्याळ सुरू, भोंगा वाजायच्या आत बाण जायला हवेत. राहिला तो शून्य.

पहिल्या फेऱ्या बऱ्या गेल्या. खरंच बऱ्या गेल्या! एखादा बाण अडायचा, ती उतरवायची, श्वास घ्यायची, परत उचलायची, आणि टक. सर पुटपुटत होते, "असंच, असंच." मी तर मनातल्या मनात मुलाला फोनही करून टाकला. उरली शेवटची फेरी. सरांनी हिशेब करून सांगितलं, एवढी नीट गेली तर जागा तिची.

पहिले बाण गेले. शेवटचा राहिला. तिने ओढला. अडला. उतरवला. परत ओढला. परत अडला. उतरवला, आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं.

काय मागतेय ते मला कळलं. माझी जीभ टाळूला जाऊन चिकटली होती. सर अगदी हळू म्हणाले, "काकू, नाही." तिच्या उजवीकडची उंच मुलगी दोरी ताणून उभी होती, कुणाची तरी लेक तीही. मी जीभ चावली. माझ्या घरचं माणूस माझ्याकडे हात पसरतंय आणि मी ढिम्म उभी, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. ती पुन्हा समोर वळली.

तिसऱ्यांदा उचललं, ओढलं, दोरी हनुवटीपर्यंत नेली. आणि भोंगा झाला.

बाकीच्या मुलींनी धनुष्यं खाली घेतली. हिने घेतलं नाही. पंच ओरडले, "वेळ संपली! उतरवा!" ती तशीच. बोटं सुटेनात आणि हात परत येईना. पाठीमागून मला तिचे खांदे थडथडताना दिसत होते. पंच पुन्हा ओरडले. मुली मागे सरकल्या. सर तिला हाका मारत राहिले, आणि तिला काहीच ऐकू जात नव्हतं.

मी दोराखालून वाकून आत गेले. कुणीतरी म्हणालं, "ओ बाई, मागे व्हा!" मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा." माप घेताना उभी राहायचे तशी तिच्या पाठीला लागून उभी राहिले आणि दोरीवरच्या तिच्या मुठीवर माझी मूठ ठेवली.

अगं बाई गं, केवढं वजन ते! आजवर मी त्याला दोरा बांधलेली काडीच समजत होते. माझा हात खांद्यापर्यंत खेचला गेला. इतकं सगळं ही रोज एकटी धरून उभी राहत होती.

"आई, मला नाही होत," ती ओठ न हलवता म्हणाली.

"माहितेय मला. चल, परत आणू."

"सोडू नका."

"नाही सोडत गं."

इंच इंच करत आम्ही ती दोरी पुढे नेली. ती रडत होती, तिची पाठ माझ्या छातीला लागून हलत होती. दोरी जागेवर आली, सरांनी पुढून येऊन धनुष्य काढून घेतलं. तिची बोटं मात्र उघडेनात, आणि तिने माझा हात धरला तो सोडेना. आम्ही दोघी तशाच त्या रेषेवर उभ्या राहिलो. पलीकडच्या टेबलावर पंचांनी तिच्या शेवटच्या बाणापुढे शून्य लिहिलं आणि पुढच्या मुलींना बोलावलं.