मुका झालेला कॉम्प्युटर आणि कॅम्पातल्या बाई

माझी दृष्टी कॉलेजात असतानाच गेली. पुढे मी नाशिकमध्येच इतिहास शिकवू लागलो, आणि नव्वदचं दशक सरता सरता घरी कॉम्प्युटर घेतला. त्यात पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर होतं. त्याला मराठी येत नव्हतं. बागलाणातल्या जुन्या पाटपाण्यावरचा माझा प्रबंध मी इंग्रजीतच लिहीत होतो, आणि तो परदेशी आवाज 'बागलाण'चा असा काही उच्चार करायचा की बायको स्वयंपाकघरातून हसायची. मला त्याचं काही नव्हतं. स्वतः लिहिलेलं वाक्य स्वतःच परत वाचायचं, हे सुख मला कित्येक वर्षांनी मिळालं होतं.

एकदा मशीन फार रेंगाळायला लागलं म्हणून कॉलेज रोडवरच्या दुकानात दिलं. परत आलं ते मुकंच. बटण दाबलं की सुरुवातीची धून वाजायची आणि मग चिडीचूप. दुकानदार माझ्याच वयाचा, मनाने चांगला माणूस. तो लगेच घरी आला.

"सर, सगळं ओके आहे. गाणीसुद्धा वाजतायत. चित्र तर आधीपेक्षा छान दिसतंय, नवीन डिस्प्ले कार्ड टाकलंय ना मी!"

"पण बोलत नाही ना."

तो बराच वेळ खटपट करत बसला. शेवटी म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल. सगळं पुसून नव्याने टाकू."

प्रबंधाची पहिली प्रकरणं तेवढी फ्लॉपीवर होती. बाकी सगळं त्या डब्यात. "हात लावू नका," एवढंच म्हणालो.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या मुंबईच्या ऑफिसात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "सर, तुमच्याकडे देवळाली कॅम्पला एक बाई आहेत. गणिताच्या रिटायर्ड शिक्षिका. त्यांना विचारा. आम्हीही अडलो की त्यांनाच विचारतो."

बाईंनी फोन उचलला आणि माझी कहाणी अर्ध्यावरच तोडली. "तुम्हाला काय वाटतं ते नंतर. ऐकू काय येतं ते आधी सांगा."

मी सांगितलं. "मशीनमध्ये काय बदललं?" डिस्प्ले कार्डाचं सांगताच त्या म्हणाल्या, "मग बरोबर आहे. अहो, पडद्याकडे जाणारा मजकूर आपलं सॉफ्टवेअर वाटेत उभं राहून वाचतं. तुमच्या दुकानदाराने रस्ताच बदलला. ते बिचारं जुन्या रस्त्यावर उभं आहे. उद्या दुकानदाराला बोलवा, सॉफ्टवेअरची मूळ सीडी हाताशी ठेवा आणि मला फोन करा."

दुसऱ्या दिवशी दुकानदार पडद्यासमोर बसला, मी कीबोर्डवर हात ठेवला आणि फोनचा स्पीकर सुरू केला. बाईंनी पहिला हुकूम सोडला, "माउस बाजूला ठेवा. आणि पडद्यावर काय आलंय ते शब्दन् शब्द वाचा."

"मॅडम, एक खिडकी आलीये..."

"खिडकीत काय लिहिलंय?"

"खूप काय काय लिहिलंय."

"तेच वाचायचंय, दादा. मलाही दिसत नाही."

दुकानदार पुढे सरकला आणि पहिलीतल्या मुलासारखा एकेक शब्द वाचू लागला. बाई बटणं सांगत, मी दाबत होतो. मधेच त्या म्हणत, "आता तीन पर्याय असतील, मधला घ्या," आणि दुकानदार चकित होऊन म्हणे, "हो, तीनच आहेत!" एका ठिकाणी त्यांचंही चुकलं. "थांबा, मागे या, ही माझी चूक," असं त्या सरळ म्हणाल्या आणि पुन्हा सुरुवात केली. शेवटी मशीन बंद करून चालू केलं. धून वाजली. आणि मग तो परदेशी आवाज भसाभसा बोलायला लागला. दुकानदाराने माझा हात इतका जोरात दाबला की बोटं दुखली.

पुढच्या रविवारी शालिमारच्या स्टॉपवरून बस धरून मी आभार मानायला कॅम्पात गेलो. बाईंची दृष्टी काचबिंदूने गेली होती, नोकरीची शेवटची वर्षं शिल्लक असताना. सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका त्यांनी शेजारणीकडून कॅसेटवर वाचून घेतली आणि भूमितीची प्रमेयं करावीत तशी पाठ केली. "पोरांकडून पाठ करून घेतलं जन्मभर, मग मला काय धाड भरली?" त्या म्हणाल्या. आभार त्यांनी ऐकूनच घेतले नाहीत. "रविवारी येत जा. नवीन माणसांना हात धरून शिकवायला कोणीतरी हवंय."

मी जाऊ लागलो. दर रविवारी त्यांच्या घरी आमच्यासारखी दृष्टी गेलेली माणसं कॉम्प्युटर शिकायला येत. तिथे लाड नव्हते. 'मला जमणार नाही' म्हणणाऱ्याला बाई म्हणत, "बरं, मग चहा तरी करा," आणि खरंच स्वयंपाकघरात पाठवत. तो माणूस चहा करून आला की पुन्हा कीबोर्डसमोर बसवत. इतकी कडक आणि इतकी न थकणारी शिक्षिका मी दुसरी पाहिली नाही. माझा प्रबंध पुरा झाला त्या दिवशी त्यांनी पेढा घ्यायच्या आधी विचारलं, "कॉपी काढून ठेवलीत ना?"

ओझरहून एक गृहस्थ येत. कारखान्यात नोकरी, मधुमेहाने डोळे गेलेले. मोजकं बोलत. एका रविवारी ते सगळा वेळ कोपऱ्यातल्या मशीनवर कानाला हेडफोन लावून टाइप करत बसले. सासरी गेलेल्या लेकीला पत्र होतं, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. प्रिंटरने कागद बाहेर टाकला तसा त्यांनी तो चाचपून घडी घातली.

"काय लिहिलंत?" बाईंनी विचारलं. "वाचून दाखवा, चुका काढू."

"नाय बाई," ते म्हणाले. "हे लेकीचं आन् माझं हाय. आजवर दुसऱ्याला सांगूनच लिहून घ्यावं लागायचं."

बाईंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "चला," त्या म्हणाल्या, "आज यांच्यासाठी चहा मी करते."